पैसे तिकडे आणि माणूस इकडे

पत्र असं आहे (नावं काढली आहेत, मजकूर थोडा आटोपता केला आहे):

«ताई, नमस्कार. मी मिरज तालुक्यात दिलेली, माहेर कवठेमहांकाळ तालुक्यात. माझा धाकटा भाऊ ३१ वर्षांचा आहे, त्याला बाळू म्हणू. जन्मापासून बुद्धीची वाढ कमी, दाखल्यावर ७५ टक्के. थोडं बोलतो. आकडे कळत नाहीत, नोट रंगावरून ओळखतो. वडील केव्हाच गेले, आई मागच्या श्रावणात गेली. आई होती तोवर ती त्याला घेऊन बँकेत जायची आणि त्याचा अंगठा लावून संजय गांधी निराधारचे पैसे काढायची. आता बाळू माझ्याकडे असतो, पण पासबुक आणि एटीएम कार्ड दादाकडे आहे. मागितलं की दादा म्हणतो, ‘इतकी वर्षं आम्ही सांभाळलं तेव्हा कुणी हिशेब विचारला नाही.’ बँकेत गेले तर मॅनेजर म्हणाले, पालकत्वाचा कागद आणा. म्हटलं, मी सख्खी बहीण आहे. म्हणाले, सख्खी असाल हो, पण कागद? त्यात चुलते म्हणतात, बाळूचा अंगठा घेऊन जमिनीचं हक्कसोडपत्र करून टाका म्हणजे वाद मिटेल. माझे मालक काही बोलत नाहीत, पण सासूबाई परवा म्हणाल्या, ‘पैसे तिकडे आणि माणूस इकडे.’ मला पैशाची हाव नाही हो. पण करू काय? – एक बहीण»

ताई,

सासूबाईंचं बोलणं तुम्हाला लागलं असणार. पण खरं सांगू, तुमच्या तीन पानी पत्रातला अख्खा प्रश्न त्यांनी पाच शब्दांत मांडला आहे. फक्त त्या वाक्यात एक शब्द घाला: बाळूचे पैसे तिकडे. ते दादाचे नाहीत आणि बाळू तुमच्या घरी जेवतो म्हणून ते तुमचेही होत नाहीत. हे एकदा मनाशी पक्कं झालं की पुढचं भांडण निम्मं हलकं होतं, कारण मग तुम्ही दादाकडे स्वतःसाठी काही मागत नसता.

आता मॅनेजरसाहेब. त्यांचा राग येणं साहजिक आहे, पण ते बरोबर बोलले. मूल १८ वर्षांचं होईपर्यंत आई-वडील त्याचे नैसर्गिक पालक असतात. अठरावं सरलं की कायद्याच्या लेखी बाळू सज्ञान, स्वतःच्या खात्याचा स्वतः मालक. त्याला आकडे कळतात की नाही, हे कायदा आपोआप पाहत नाही. आई गेली तेरा वर्षं जे करत होती ते प्रेमापोटी आणि बँकेतल्या ओळखीपाळखीवर चाललं होतं. अंगठ्याची सोय बँकेत आहे ती वेगळ्या माणसांसाठी: ज्याला व्यवहार कळतो पण हात चालत नाही, म्हातारपणाने सही जमत नाही, अशांसाठी. रिझर्व्ह बँकेच्या नियमात तिथे दोन साक्षीदार लागतात आणि त्यातला एक बँकेचा जबाबदार अधिकारी असावा लागतो. बाळूचा हात ठणठणीत आहे. कशावर अंगठा उमटवतोय ते त्याला कळत नाही, अडचण ही आहे. म्हणून त्याच्या अंगठ्यावर उभा केलेला कुठलाही कागद कच्चाच.

त्यावरून आधी चुलत्यांचं हक्कसोडपत्र बाजूला काढू. बाळूने ते करून देणं कायद्यात बसतच नाही. करार करणाऱ्याला आपण काय करतोय हे समजलं पाहिजे, ही भारतीय करार कायद्याची पहिली अट आहे, आणि हा कायदा १८७२ चा आहे, चुलत्यांपेक्षा खूप जुना. कुणी कुलमुखत्यारपत्र सुचवलं तर तेही याच कारणाने निरुपयोगी. असा अंगठा घेणारा उद्या अडचणीत येतो आणि साक्षीदार म्हणून सही करणारेही येतात, हे चुलत्यांना शांतपणे सांगा. सातबाऱ्यावर वडिलांच्या पश्चात वारसनोंद झाली आहे का, आणि तिथे तुमचं नि बाळूचं नाव लागलंय का, हे मात्र या आठवड्यात बघून घ्या. ऑनलाइन सातबारा घरबसल्या दिसतो. नाव नसेल तर तलाठ्याकडे (आता त्यांचं पद ‘ग्राम महसूल अधिकारी’ झालंय, पण गावात तलाठीच म्हणतात) वारसनोंदीचा अर्ज द्या. आणि अजून एक, तुमच्यासाठी. ‘तू हक्कसोड दे, मग मी बाळूच्या कागदावर सही करतो’ असा सौदा कुणी पुढे ठेवला तर तो करू नका. ही दोन प्रकरणं एकमेकांत गुंतली की सुटता सुटत नाहीत.

तर मॅनेजर म्हणाले तो कागद कुठे मिळतो?

१९९९ साली केंद्र सरकारने एक कायदा केला, त्याला सगळे ‘नॅशनल ट्रस्टचा कायदा’ म्हणतात. स्वमग्नता म्हणजे ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता, या चार प्रकारच्या व्यक्तींसाठी तो आहे. बाळू त्यात बसतो. या कायद्याखाली स्थानिक स्तर समिती असते. तिच्यात जिल्हाधिकारी किंवा त्याच दर्जाचे अधिकारी, नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. ही समिती सज्ञान दिव्यांगासाठी कायदेशीर पालक नेमते. कोर्टाची पायरी चढावी लागत नाही. बँकांनी हे पालकत्व प्रमाणपत्र ग्राह्य धरावं, असं रिझर्व्ह बँकेनेच बँकांना कळवलेलं आहे. मॅनेजर कोर्टाचाच कागद मागू लागले तर एवढं वाक्य त्यांच्यासमोर म्हणा.

तुमचं माहेर आणि सासर दोन्ही सांगली जिल्ह्यात. म्हणजे समितीही एकच. जिल्हाधिकारी कार्यालयात जाऊन ‘नॅशनल ट्रस्टच्या लोकल लेव्हल कमिटीचं काम कोण बघतं’ असं विचारा. पहिल्या टेबलावर कळेलच असं नाही. तिथे नाहीच कळलं तर जिल्हा परिषदेच्या समाजकल्याण खात्यात विचारा, किंवा जवळच्या विशेष शाळेच्या मुख्याध्यापकांना गाठा. या शाळांतल्या बाईंना असे अर्ज पाठ असतात, माझा अनुभव आहे. ‘नमुना अ’ म्हणतात तो अर्ज असतो. सोबत बाळूचा दिव्यांग दाखला किंवा यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र), आधार, वयाचा पुरावा, आई-वडिलांचे मृत्यूचे दाखले, तुमचा रहिवास पुरावा, फोटो. यूडीआयडी कार्ड अजून काढलं नसेल तर तेही याच फेरीत सुरू करा, पुढे पदोपदी लागतं. एजंट अजिबात नको.

आता नाजूक भाग. नियमानुसार भावंडं मिळून अर्ज करू शकतात किंवा एकटंही, पण एकट्याने केला तर एकटंच का, याचं कारण लिहावं लागतं. बाकीच्या भावंडांची ना-हरकत बहुतेक ठिकाणी मागतातच. म्हणून दादाशी बोलणं टळत नाही.

दादाबद्दल मी थोडं त्यांच्या बाजूने बोलणार आहे, रागावू नका. तुम्ही सासरी गेल्यावर आईसोबत बाळूला आंघोळ घालणं, रात्री फिट आली तर उठणं, हे त्या घरात वहिनींनीच केलं असणार. त्याची नोंद कुठल्या पासबुकात होत नाही. ‘कुणी हिशेब विचारला नाही’ यात चोरी लपवण्यापेक्षा ‘कुणी विचारपूसही केली नाही’ ही खंत जास्त असेल, असं मला पत्र वाचून वाटलं. चुकतही असेन. तेव्हा जाल तेव्हा मागचा हिशेब मागू नका. आई गेल्यापासूनचाच प्रश्न काढा, आणि तोही असा: ‘दादा, बाळू आता माझ्याकडे आहे, बँक कागद मागतेय, आपण दोघं मिळून अर्ज करू.’ दोघांचं नाव लागलं तर तुमच्या जिवाला काही होत नाही, उलट तुम्ही आजारी पडलात तर पाठीमागे कुणी आहे. वहिनींसमोर बोला, आणि शक्यतो बाळूला घेऊन जा. त्यालाही त्या घराची आठवण येत असेल.

आणि नाहीच ऐकलं तर? मग एकटीने अर्ज करा, कारणात लिहा की भाऊ माझ्याकडे राहतो, दुसऱ्या भावाने संमती दिली नाही. समितीला वाटलं तर ती दादांना बोलावून त्यांचं म्हणणं ऐकेल. त्याने घाबरायचं काही नाही.

निकाल यायला वेळ लागतो, दोन-चार आठवड्यांत होईल असं धरून चालू नका. तोवर काय करायचं, ते सांगते.

पहिलं काम तहसीलचं. निराधारचा लाभार्थी जिवंत आहे, याचा हयातीचा दाखला दरवर्षी जानेवारी ते मार्चमध्ये द्यावा लागतो. आई हे करायची, म्हणून तुमच्यापैकी कुणाच्या लक्षात नसेल. तो चुकला की पैसे थांबतात आणि मग चालू करून घेताना चपला झिजतात. बाळूचा पत्ता बदलला आहे, आई वारली आहे, तो आता बहिणीकडे असतो, असा साधा अर्ज कवठेमहांकाळ तहसीलच्या संजय गांधी शाखेत द्या, त्याची एक प्रत मिरजेलाही. दोन्हीकडे पोहोच घ्या. शिक्का मारलेली पोहोच नसलेला अर्ज म्हणजे दिलाच नाही असं समजायचं.

दुसरं आधार. निराधारचे पैसे आता थेट खात्यात येतात, आणि ते जातात आधारशी सगळ्यात शेवटी जोडलेल्या खात्यात. मध्येच कुणी बाळूला नेऊन दुसऱ्या बँकेत नवं खातं उघडलं आणि आधार तिथे जोडलं, तर पैसे गुपचूप तिकडे वळतात आणि जुन्या पासबुकात काहीच दिसत नाही. त्याचं आधार सध्या कुठल्या बँकेशी जोडलेलं आहे ते तपासून घ्या. बोटाचे ठसे कुलूपबंद करायची सोयही आधारमध्ये आहे, म्हणजे बँकमित्राच्या मशीनवर कुणी परस्पर अंगठा लावून पैसे काढू शकणार नाही. बाळूच्या आधारला मोबाइल नंबर कुणाचा आहे, हे पण बघा. आईचा असेल, आणि ते सिम आता कुणाच्या फोनमध्ये आहे?

तिसरं एटीएम कार्ड. दादांनी गोडीने दिलं तर उत्तम. नाही दिलं तर बँकेला लेखी कळवता येतं की खातेदाराला व्यवहार समजत नाही आणि कार्ड दुसऱ्याच्या ताब्यात आहे. पण याला एक बाजू आहे ती आधी समजून घ्या. असं पत्र गेलं की बँक बहुधा खात्यातून पैसे काढणंच थांबवते, सगळ्यांसाठी, तुमच्यासाठीही. जमा होत राहतात, निघत नाहीत. मी तुमच्या जागी असते तर दादांना एक महिना दिला असता आणि मगच हे पत्र दिलं असतं. तुम्हाला बाळूच्या फिटच्या गोळ्यांना पैशाची ओढ असेल तर सिव्हिलमधून गोळ्या सुरू करून घ्या आणि खातं खुशाल गोठू द्या. पैसे कुठे पळून जात नाहीत.

किती पैसे आहेत, तेही एकदा नीट कळू दे. निराधारचे जुलै २०२३ पासून महिना १५०० होते. दिव्यांगांसाठी ऑक्टोबर २०२५ पासून २५०० झाले. म्हणजे वर्षाला ३०,०००. यासाठी तुम्ही एकमेकांची तोंडं बघणं बंद कराल इतकी ही रक्कम मोठी नाही, आणि बाळूचं स्वतःचं असं दुसरं काहीच येणं नाही, म्हणून ती लहानही नाही.

प्रमाणपत्र हातात आलं की त्याच बँकेत जाऊन खात्याला पालक म्हणून नाव लावून घ्या. खातं बाळूचं, चालवणार तुम्ही. पैसे स्वतःच्या खात्यात वळवून घेऊ नका, सोयीचं वाटलं तरी. तुमच्या बचतगटाच्या हप्त्यात आणि मालकांच्या पगारात ते मिसळले की वर्षाअखेर तुम्हालाच सांगता येणार नाही की त्यातले बाळूचे किती.

आणि वही. तुम्ही पत्राच्या शेवटी लिहिलंय, ‘रक्ताच्या भावाचा काय हिशेब ठेवायचा, लाज वाटते.’ ताई, कायदा तो मागतोच. पालक नेमल्यापासून सहा महिन्यांत बाळूच्या नावे काय काय आहे, जमिनीतला हिस्सा, खात्यातली शिल्लक, आईने त्याच्या नावे ठेवलेलं काही, याची यादी समितीला द्यायची असते. नंतर दरवर्षी मार्च संपला की तीन महिन्यांच्या आत, म्हणजे जूनअखेर, जमाखर्च द्यायचा असतो. बरेच पालक देत नाहीत, खरं आहे. तुम्ही द्या. पालक पैसे खातोय किंवा माणसाची हेळसांड करतोय अशी तक्रार कुणीही नातेवाईक समितीकडे करू शकतो आणि समिती पालक बदलू शकते. आज हे कलम तुम्हाला दादांविरुद्ध उपयोगाचं वाटेल, उद्या दादा ते तुमच्यावर लावतील. तेव्हा बोलायला तुमच्याकडे वहीच असणार.

वही साधीच, दोनशे पानी. डावीकडे जमा, उजवीकडे खर्च, तारीख. पावती असेल तर मागच्या पानाला टाचणीने लावायची. मला विचाराल तर जेवणाखाण्याचा खर्च त्यात किती धरायचा, यावर फार कीस काढू नका. महिन्याची एक ठरावीक रक्कम घरखर्चाला लावा, ती पहिल्या पानावर लिहा, मालकांना आणि सासूबाईंना दाखवा. सासूबाईंना तर जरूर दाखवा, त्यांचं तोंड तिथेच बंद होईल. औषधं, कपडे, चप्पल, केस कापणं, दवाखान्याची एसटी, हे वेगळं. (एसटीत त्याला ७५ टक्के सवलत आहे, ती घेता ना?) जे उरेल ते त्याच खात्यातून त्याच्या नावे आवर्तक ठेवीत. पाचशे असले तरी.

आणि एक रकाना बाळूच्या हातातल्या पैशांचा. हे मी कळकळीने सांगते. आमच्या नात्यात एक मामा होते, बाळूसारखेच. त्यांचं सगळं सगळ्यांनी केलं, पण पैसा कधी हातात दिला नाही, ‘त्याला काय कळतंय’ म्हणून. त्यांच्या उशीखाली मरणानंतर शीतपेयाच्या बाटल्यांची बुचं निघाली, गोल, चकचकीत, मोजून दोऱ्यात ओवलेली. तुम्हीच लिहिलंय, बाळू नोट रंगावरून ओळखतो. मग आठवडी बाजाराला जाताना त्याच्या खिशात दोन नोटा ठेवा आणि त्याची भजी त्यालाच घेऊ द्या. सुटे कमी आले तर येऊ देत. वहीत लिहायचं: ‘बाजार, बाळू, ५० रुपये.’ त्याला हिशेब कळत नसला तरी कुठली भजी हवी हे पक्कं कळतं. शर्ट घ्यायचा तर दोन समोर धरून विचारा. ‘पालक’ या शब्दाने त्याचं बोलणं काढून घेतलं जात नाही. पालकत्व खरंच हवंय का आणि कशाकशासाठी, हे समितीलाही कायद्याने बघावं लागतं.

बाळूसाठी अजून दोन गोष्टी आहेत, त्या पटकन सांगते. नॅशनल ट्रस्टची ‘निरामय’ आरोग्य विमा योजना आहे, एक लाखापर्यंतची, तिच्यात त्याचं नाव घाला. ग्रामपंचायतीला स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करावे लागतात, ग्रामसभेत जाऊन विचारा ते कुठे गेले. जमीन विकण्याचा अधिकार मात्र पालकत्वाच्या कागदाने आपोआप मिळतो असं समजू नका, आणि कुणाला समजू देऊही नका. तशी वेळ आलीच तर वकील गाठा.

या विषयावर अजून काही पत्रं पडून आहेत, त्यांना इथेच दोन शब्द.

ज्यांचे आई किंवा वडील सरकारी नोकरीत होते: दिव्यांग मुलाला त्यांच्या पश्चात कुटुंब निवृत्तिवेतन हयातभर मिळू शकतं. राज्य सरकारी कर्मचाऱ्यांसाठी ही तरतूद १९८२ च्या निवृत्तिवेतन नियमांतल्या नियम ११६ मध्ये आहे. आई-वडील हयात असतानाच मुलाचं नाव कार्यालयात नोंदवून ठेवा, मागाहून फार धावपळ होते. मात्र पेन्शन सुरू झाली की निराधारचं अनुदान सोडावं लागेल, कारण तिथे दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला ५०,००० आहे. दोन्ही घेत राहिलात तर वसुली निघते.

ज्यांच्या सासऱ्यांना विस्मरणाचा आजार आहे: नॅशनल ट्रस्टचा कागद तुमच्यासाठी नाही, तो फक्त वर सांगितलेल्या चार प्रकारांसाठी. कुलमुखत्यारपत्रही लिहून देणाऱ्याची समज गेली की संपतं. माणूस पूर्ण हरवल्यावर बहुतेकांना उच्च न्यायालयातच जावं लागतं. म्हणून त्यांना आज कळतंय तोवर खात्याला दुसरं नाव, नामनिर्देशन, मृत्युपत्र, सगळं करून घ्या. आजच. आणि ज्यांच्या मुलाला स्किझोफ्रेनिया आहे त्यांना: २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यातला ‘नामनिर्देशित प्रतिनिधी’ उपचारांपुरता असतो, त्याच्या जोरावर बँकेचं खातं चालवता येत नाही. तुम्हाला मी सविस्तर वेगळं लिहिते.

ताई, समितीपुढे बाळूला न्यावं लागेल. गर्दीत तो कानावर हात ठेवतो असं तुम्ही लिहिलंय, तर सकाळी अगदी लवकर जा, कानटोपी घाला आणि डब्यात काहीतरी त्याच्या आवडीचं ठेवा. साहेब दहाला येतात असं सांगतील, बारा वाजतात. आणि दादा येणार असतील तर बाळूला त्यांच्याजवळ बसवा.

– तुमची ताई